जुन्या जीपगाडीची नवी चाके

संकेश्वरच्या आसमंतात उसाच्या बैलगाड्यांची लाकडी चाके जाऊन रबरी टायर आले, तेव्हा बैलांची ओढ हलकी झाली. तो बदल ओझे वाहणाऱ्याच्या सुखासाठी होता. आता आमचे काही तरुण घरच्या अंगणात जुन्या जीपगाडीचे पाटे बदलून तिची उंची वाढवितात व मोठाली चाके बसवितात. त्यांच्या हातचे कसब आम्हांस कौतुकास्पदच वाटते. तथापि गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो. गडहिंग्लज-आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरताना वळणावर ती कलंडण्याचे भय वाढते. मोठी चाके आवरण्यास ब्रेकला अधिक जोर लागतो, आणि वेगाचा काटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो. कारखान्याच्या मूळ रचनेशी विसंगत असा फेरफार मोटार वाहन कायद्यास मान्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

म्हणून तरुण मित्रांनो, हातातला पाना खाली ठेवू नका. झिजलेले पाटे, बुश, ब्रेक मूळ मापानेच नवे करा. कसब तेथेही लागते. उद्या त्याच गाडीत तुमची आई व धाकटी भावंडे विश्वासाने बसणार आहेत.