हवेचा अंदाज

इंजिन रिच चाललंय की लीन, हे आमच्या घरात नाकाला कळायचं. कोल्हापुरात उद्यमनगरात आण्णांचं गॅरेज होतं आणि फियाटवाले हे तिथलं हक्काचं गिऱ्हाईक. सोलेक्स कार्बोरेटरचा मिक्श्चरचा स्क्रू आण्णा कान देऊन हळूहळू फिरवत. इंजिन एका सुरात आलं की हात काढून घेत आणि एक चक्कर मारून आल्यावर प्लग खोलून बघत. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी, बदामी असेल तर गाडी मालकाच्या ताब्यात.

कार्बोरेटरला इंजिनाची काही माहिती असावी लागत नाही, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. हवा त्याच्या गळ्यातून जाते आणि जाताना पेट्रोल ओढून नेते. आत पिस्टन केवढा, कॅमशाफ्ट कुठली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मोठा फरक पडला तर जेट बदलायचा, संपलं. पुढे 2000 च्या आसपास मारुती 800 च्या पाठीवर कार्बोरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शन असल्याची ‘एमपीएफआय’ ही अक्षरं झळकायला लागली, तेव्हा आण्णांच्या गॅरेजातला स्क्रू-ड्रायव्हर निम्मा रिकामा झाला. (अक्षरांचा अर्थ ठाऊक नसलेले लोकही ती अभिमानाने पुसून ठेवत.)

नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात आल्यावर मी एक जुनी पोर्श 914 घेतली. मध्यावर इंजिन, हवेने थंड होणारं, आणि त्यावर बॉशचं डी-जेट्रॉनिक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन. ही व्यवस्था 1967 साली अमेरिकेत जाणाऱ्या फोक्सवॅगन 1600 वर पहिल्यांदा आली. धुराचे नियम कडक होत होते, हे त्यामागचं कारण. मूळ कल्पना अमेरिकेतल्याच बेंडिक्स कंपनीची. तिचं इलेक्ट्रोजेक्टर 1958 च्या मोजक्या क्रायस्लर गाड्यांवर बसलं, पण टिकलं नाही. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना नंतर कार्बोरेटर लावून दिले. बेंडिक्सचे पेटंट बॉशने परवान्यावर घेतले. 1967 साली मायक्रोप्रोसेसर बाजारात यायला अजून चार वर्षं होती. त्यामुळे डी-जेट्रॉनिकच्या डब्यात प्रोग्रॅम नावाची चीजच नाही. आहेत ते ट्रान्झिस्टर, डायोड, रेझिस्टर.

हा डबा हवा मोजत नाही, हवेचा अंदाज बांधतो. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब एका सेन्सरला कळतो. सेन्सरच्या आत हवा काढलेल्या धातूच्या डब्या दाबाप्रमाणे फुगतात, आकसतात आणि कॉइलमधला लोखंडी गाभा पुढेमागे सरकवतात. त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरतं. इंजेक्टर कधी उघडायचा, ते डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी बसवलेले दोन ट्रिगर पॉइंट सांगतात. अमुक दाब म्हणजे अमुक हवा, हे कारखान्याने त्या एका इंजिनापुरतं ठरवून ठेवलेलं.

माझ्या गाडीचं इंजिन मात्र तसं राहिलेलं नव्हतं. आधीच्या मालकाने 94 मिलिमीटरच्या जागी 96 मिलिमीटरचे पिस्टन बसवून 1971 सीसीचे 2056 केले होते, वर जरा तिखट कॅमशाफ्ट टाकली होती. आण्णा आमच्याकडे राहायला आले तेव्हा मी गाडी चालू करून दाखवली. मागे जाऊन ते एक्झॉस्टपाशी उभे राहिले. “लई पितीया रं. स्क्रू कुठाय हिचा?”

वासाने त्यांनी बरोबर ओळखलं होतं. अशा कॅमशाफ्टने आयडलिंगला दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे राहतात, मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घटतो. डब्याला वाटतं, गाडी चढाला लागलीय, आणि तो पेट्रोल ओततो. उलट पूर्ण रेसला सिलिंडर चारेक टक्के मोठे झालेले, तिथे पेट्रोल कमी पडतं. एका टोकाला काढायचं आणि दुसऱ्या टोकाला घालायचं.

आण्णांचा पहिला सल्ला पेट्रोलचा दाब वाढवायचा. 914 च्या प्रेशर रेग्युलेटरला स्क्रू आणि लॉकनट आहे, म्हणजे त्यांच्या ओळखीचा माणूस भेटला. पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं, म्हणून 2 बारचे 2.2 केले की सगळीकडे पाचेक टक्के जास्त. वरचं टोक सुधारलं, आयडलिंगचा वास आणखी वाढला. मग डब्याच्या कडेची गुंडी. ती फक्त थ्रॉटल मिटलेलं असताना चालते, आणि तिने खालचं टोक आवरलं. मधला भाग उरला, आणि गाडी चालते ती मधल्याच भागात.

त्यासाठी सेन्सरच्या पाठीवरचं इपॉक्सीचं बूच कोरून काढावं लागतं. आत एकात एक बसलेले स्क्रू. हातपंपाने व्हॅक्यूम द्यायचा, इंडक्टन्स मीटरवर आकडा बघायचा, स्क्रू केसभर हलवायचा, पुन्हा पंप. आण्णा चष्मा कपाळावर सरकवून पंप मारत होते आणि काटा थोडासाही खाली आला की “गळतंय” म्हणत होते. इतक्या वर्षांनी आतली पातळ चकती तडकलेली असू शकते, आणि तसं असेल तर बाकीची मेहनत पाण्यात. आमची धड होती. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजनचा सेन्सर लावून मी रस्त्यावर हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचे आकडे टिपले. सावकाश चालताना 14 च्या वर आणि पूर्ण रेसला साडेबारा-तेरा, इथवर पोचलो. आण्णांनी आकड्यांकडे पाहिलं नाही, प्लग काढायला लावले.

आयडलिंग तरीही पूर्ण बसलं नाही. शेवटी मी ती कॅमशाफ्ट काढून सौम्य टाकली. पिस्टन मोठे असले तर डब्याची समजूत घालता येते. व्हॅक्यूमच घटला तर त्याचे डोळे-कान दोन्ही गेले. पुष्कळ लोक हे सगळं उपटून लॅपटॉपवर ट्यून होणारा डबा बसवतात, आणि रेसचं इंजिन असेल तर मीही तेच सांगेन. थोडक्या बदलासाठी मात्र मला हा जुनाच आवडतो. कारण प्रत्येक बिघाड मीटर घेऊन वायरीवायरीने शोधता येतो. कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराची तपासणीही नाही, तेव्हा इंजिनाच्या झाकणाखाली काय आहे हे विचारणारं कोणी नाही.

आण्णा परत गेल्यावर फोनवर पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा असतो. सांगितलेला आकडा त्यांना अजून कमीच वाटतो, आणि कोल्हापुरात फियाट काय देत होती ते ते मला पुन्हा एकदा ऐकवतात.