ईशानचं नाव काढून घे

मिरज

चि. मुक्तास,


तुझा निरोप परवा रात्री ऐकला आणि काल दिवसभर डोक्यात तोच. तू विचारलंस एवढंच, की ‘क्रो बॉय’ ईशानला फार आवडलं, तर या तारो याशिमाची आणखी कुठली पुस्तकं घेऊ? पण जाता जाता म्हणालीस, “ईशानमध्येही असं काहीतरी लपलेलं असणारच ना मावशी, म्हणून गॅदरिंगला त्याचं नाव दिलंय, एकपात्रीला.” अगं, पुस्तक वाचलंस की नुसतं चाळलंस?

आधी तुझी खरेदी. ‘अंब्रेला’ घे, १९५८ चं. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या मोमोला, म्हणजे याशिमाच्या लेकीलाच, तिसऱ्या वाढदिवसाला छत्री आणि लाल गमबूट मिळतात आणि मेला पाऊसच येत नाही. येतो त्या दिवशी ती आईबाबांचं बोट न धरता पहिल्यांदा चालते. कोणी टाळ्या वाजवत नाही. मोठेपणी तिला स्वतःलाही ते आठवत नाही. मग ‘व्हिलेज ट्री’, १९५३ चं. क्यूशू बेटावरच्या याशिमाच्या गावातलं नदीकाठचं झाड आणि त्यावर लोंबकळणारी पोरं. ईशानला रंगांच्या रेघा बघू देत. तू मध्ये बोलू नकोस.

आता ‘क्रो बॉय’. त्यातला पोरगा छिबी पहिल्या दिवशी शाळेच्या जमिनीखाली जाऊन लपतो. मास्तरांना भितो, पोरांना भितो. मग पाच वर्षं वर्गात एकटा. नको ते दिसू नये म्हणून डोळे तिरळे करायला शिकतो. तासन् तास छत बघतो, बाकाचं लाकूड बघतो, पुढच्या पोराच्या खांद्यावरचं ठिगळ बघतो. मुळ्याच्या पानात गुंडाळलेले भाताचे गोळे घेऊन रोज येतो, पावसात गवताचं इरलं पांघरून येतो. पोरं त्याला मठ्ठ म्हणतात.

सहाव्या वर्षी इसोबे मास्तर येतात. ते काय करतात, ते पुन्हा वाच. वर्गाला शाळेमागच्या टेकडीवर नेतात. रानद्राक्षं कुठे लागतात हे छिबीला ठाऊक, याचंच त्यांना अप्रूप. त्याची काळी-पांढरी चित्रं भिंतीवर लावतात. त्याचं अक्षर त्याच्याशिवाय कोणाला लागत नाही, तर तोही कागद भिंतीवर! आणि आजूबाजूला कोणी नसताना त्याच्याशी बोलत बसतात. शाळेच्या कार्यक्रमात छिबीने काढलेले कावळ्यांचे आवाज त्यानंतर येतात, मुक्ता. पिल्लाचा, आईचा, बापाचा, पहाटेचा. ते काढून दाखवल्यावर मास्तर सांगतात, की पोरगं घरून पहाटे निघायचं आणि दिवस मावळता परत पोचायचं, सहा वर्षं, एकही दिवस न चुकवता. पोरं रडतात ती हे ऐकून. नक्कल झकास झाली म्हणून नव्हे.

तुम्ही हल्लीचे आईबाप शेवटचा कार्यक्रम तेवढा उचलता. मूल गप्प आहे? मग त्याच्यात काहीतरी असलं पाहिजे, ते शोधा, क्लास लावा, माईक द्या. नसलं तर? काहीच सापडलं नाही तर ईशानला त्या वर्गात बसायचा हक्क नाही का? गप्प बसण्याची भरपाई म्हणून पोराने नक्कल करायची, ही कुठली रीत? आणि हे तुझ्याच घरात नाही, सगळीकडे चाललंय. वाढदिवसाला केक कापण्याआधी पोराला नाचून दाखवावं लागतं.

या याशिमाला स्वतःला कवायतीचा तिटकारा होता, म्हणून मला तो आवडतो. लष्करी कवायत चुकवणं वगैरे कारणांवरून टोकियोच्या कलाशाळेतून काढलेला. लष्करशाहीविरुद्ध उभा राहिला म्हणून बायकोसकट तुरुंगात गेलेला. १९३९ मध्ये दोघं अमेरिकेला गेली आणि छोट्या मुलाला आजी-आजोबांकडे ठेवावं लागलं. युद्धात अमेरिकेच्या बाजूने काम करताना जपानमधल्या त्या मुलाला त्रास होऊ नये म्हणून मूळच्या इवामात्सुचा याशिमा झाला. मुलाची पुन्हा भेट झाली ती युद्ध संपून काही वर्षांनी. मला तर वाटतं, वर्गाच्या कोपऱ्यातलं पोर इतकं नीट दिसायला असं काहीतरी सोसलेलं असावं लागतं.

आणि तू कोणाला सांगतेस गं? पाहुणे आले की ताई तुला “म्हण ते गाणं” म्हणायची आणि तू माजघरातल्या पलंगाखाली. मी खाली वाकून लाडू द्यायचे, तो तिथेच खायचीस. बाहेर ये म्हणून कधी म्हटलं नाही मी. आज दहा माणसांपुढे बोलतेसच ना?

रागावू नकोस. पण निरोपात मागे ईशानचा आवाज येत होता, तू पाठांतर घेत होतीस, आणि तो दोनदा त्याच ओळीला अडला. तिसऱ्यांदा तुझा आवाज चढला. तेव्हापासून माझं लक्ष लागत नाहीये. पूर्वी तो फोनवर मला मुंग्यांच्या रांगेबद्दल सांगायचा, गेले काही दिवस नुसतं “हं” म्हणतो. रात्री झोपतो ना नीट?

त्याच्या बाईंना फोन कर आणि नाव काढून घे. निदान त्याला विचार तरी, आणि “नको” म्हणाला तर “का” विचारू नकोस. मधल्या सुट्टीत तो डबा कोणाबरोबर खातो, ते मला कळव. तुला माहीत नसेल, तर एकपात्रीच्या आधी ते माहीत करून घे.

तुझी,
शैलामावशी