ऑइल खात नाही

परवा टीममधला एक नवा पोरगा जेवताना म्हणाला, "तुझ्याकडे आरएक्स हंड्रेड आहे ना? मला पण घ्यायचीय. पहिली बाईक. घेऊ का?"

हातातला घास तसाच राहिला. 'घे' म्हणावं की 'नको' म्हणावं? त्याला म्हटलं, शनिवारी सांगतो. तर मंडळी, आज शनिवार आहे, चहा झालाय, आणि उत्तर जरा लांबलचक आहे.

२००४ साली मी पुण्यात पहिल्या नोकरीला लागलो. कंपनीची बस होती, पण नोकरी लागल्यावर पोराला गाडी लागतेच. घरी बाबांची बजाज चेतक होती, तिच्यावरच शिकलो होतो. बाबांचं म्हणणं एकच : "स्प्लेंडर घे. पेट्रोल टाक, चालव, विसरून जा." सल्ला सोन्यासारखा होता. त्यामुळे अर्थातच ऐकला नाही.

आमच्या डोक्यात यामाहा बसली होती. १९८५ साली आलेली आणि १९९६ साली बंद झालेली ९८ सीसीची ही गाडी, ताकद सुमारे ११ बीएचपी, आणि वजन शंभर किलोच्या आसपास. त्या काळच्या शंभर सीसीच्या फोर स्ट्रोक गाड्या सात-साडेसात बीएचपीवर समाधानी होत्या. सिग्नल सुटला की फरक कळायचा! आणि तो आवाज.. असो. तेविसाव्या वर्षी माणूस मायलेज बघून प्रेमात पडत नाही.

तीन गाड्या बघितल्या. पहिलीचा इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळेना. दुसरीवाला म्हणाला, "ओरिजिनल मेड इन जपान आहे." (हे प्रत्येकच विकणारा म्हणतो. खरं मानलं तर जपानमध्ये एकही आरएक्स शिल्लक राहिली नसणार!) त्या गाडीचा पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबेना. बरोबर आलेला रूममेट दोन वर्षं यामाहा चालवत होता, म्हणजे आमच्यातला तज्ज्ञ. तो म्हणाला, "क्रँकचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्सचं ऑइल पितेय. चल."

तिसरी १९९५ची, काळी. हात लावून बघितलं, इंजिन गार होतं, म्हणजे आपण यायच्या आधी गरम करून ठेवलेलं नव्हतं. दुसऱ्या किकला चालू. किकवर उभं राहिलं तर पायाखाली दाब जाणवला, म्हणजे कॉम्प्रेशन होतं. कागद स्वच्छ. १४ हजारांत ठरलं. फॉर्म २९, फॉर्म ३०, सह्या, चहा. मालक भला माणूस, टाकीही जवळजवळ भरलेली ठेवली होती. निघताना म्हणाला, "ऑइलचं तेवढं बघा हां."

"हो हो," मी म्हटलं.

हे 'हो हो' लक्षात ठेवा.

आता थोडं तांत्रिक. फोर स्ट्रोक गाडीत ऑइल इंजिनच्या तळाशी असतं आणि तेच तेच फिरत राहतं. टू स्ट्रोकमध्ये तसं नाही. पेट्रोल आणि हवा क्रँककेसमधूनच वर जातात, म्हणून क्रँक आणि पिस्टनला लागणारं ऑइल त्यांच्याबरोबरच पाठवावं लागतं, आणि ते शेवटी जळून जातं. त्या धुराचा वास म्हणजे खर्च झालेलं ऑइल. (जळलेल्या वायूबरोबर थोडं न जळलेलं पेट्रोलही बाहेर निसटतं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या बाजारातून गेल्या, त्याचं मोठं कारण हेच.) चेतकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. आरएक्समध्ये मात्र ऑइलची वेगळी छोटी टाकी आणि पंप असतो. ऍक्सिलरेटर जितका पिळाल तितकं ऑइल तो सोडतो. याला म्हणायचं ऑटोलूब.

गाडी घेतल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतोस ना?"

मी हसलो. "बाबा, ते तुमच्या चेतकला. हिला ऑटोलूब असतं."

पुढचे तीन आठवडे स्वर्ग. मी ऑइलची टाकी काठोकाठ भरली आणि रोज सकाळी झाकण उघडून बघायचो. पातळी हलत नव्हती. रूममेटला अभिमानाने सांगितलं, "अरे, ऑइल खातच नाही!" नंतर धूरही कमी झाला. म्हटलं, चांगल्या हातात आल्यावर गाडीसुद्धा सुधारते बघ.

दिवसभर मी जे काम करायचो त्यात लॉगमध्ये एकही एरर नसेल तर आधी शंका यायची, की लॉग लिहिणारी प्रोसेस तरी जिवंत आहे ना? पण ही अक्कल ऑफिसच्या गेटवर आयकार्डाबरोबर उतरवून ठेवत होतो बहुतेक.

डिसेंबरातला एक शनिवार. धाकटी बहीण पुण्याला आली होती, तिला वाईला मामाकडे सोडायचं होतं. ती म्हणाली, "दादा, एसटीने जाते ना." मी कसला ऐकतोय! सकाळी टाकी फुल केली आणि निघालो. शिरवळच्या आधी सरळ रस्त्यावर सत्तरने चाललो होतो, ती मागून ओरडत होती, हळू, हळू. खंबाटकी घाट लागला. तिसरा गिअर, चढ, चाळीसचा वेग. इंजिनाचा आवाज जरा कोरडा वाटला. वाटलं, चढ आहे.

आणि मागचं चाक एकदम जाम झालं.

ब्रेक मारल्यासारखं नाही, कुणीतरी चाकात पहार घातल्यासारखं. गाडी घासत सरळ गेली, थोडी तिरकी झाली, माझा हात क्लचवर कसा गेला ते आजही आठवत नाही. चाक सुटलं, आम्ही कडेच्या मातीत थांबलो. मागून येणाऱ्या ट्रकचा ब्रेक कर्रकन वाजला. तो आमच्या मागे दोन हातांवर उभा होता. चढ होता म्हणून ट्रक हळू होता. चढ होता म्हणून आम्हीही हळू होतो. अर्ध्या तासापूर्वी हेच सत्तरवर झालं असतं तर.. हे वाक्य मी आजवर पूर्ण केलेलं नाही.

बहीण उतरली. ओढणी नीट केली. म्हणाली, "दादा, एसटीने गेले असते." बस्स, एवढंच. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

एका टेम्पोवाल्याने गाडीसकट आम्हाला वाईला सोडलं. तिथल्या मेकॅनिकने हेड उघडलं, पिस्टनवर उभे ओरखडे दाखवले, मग खाली वाकून पंपाकडे बघितलं आणि विचारलं, "पंप कुणी बंद केला?"

पंपाची वाट चक्क बंद केलेली होती. पंप कधी दगा देईल सांगता येत नाही म्हणून कित्येक मेकॅनिक तो काढून टाकत आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायला सांगत. मेकॅनिक म्हणाला, "लिटरला चाळीस एमएल टाकायचं." म्हणजे तीन आठवडे मी मालकाने भरून दिलेल्या मिश्रणाच्या उरल्यासुरल्या पुण्याईवर चालवत होतो, आणि वरून निव्वळ पेट्रोल ओतून ती पुण्याई पातळ करत होतो. म्हणून धूर कमी. म्हणून ऑइल 'खात नव्हती'.

मालकाला फोन केला, आवाज चढवूनच. तो शांतपणे म्हणाला, "अहो, सांगितलं होतं की ऑइलचं तेवढं बघा म्हणून!"

सांगितलं होतंच. बाबांनीही विचारलं होतं. दोघांनाही मी उत्तर दिलं, उलट प्रश्न एकालाही विचारला नाही. बोअरिंग, नवा पिस्टन, पंप पुन्हा चालू करणं, सगळे मिळून २२०० रुपये. स्वस्तात सुटलो.

तर, घेऊ का?

माझं प्रामाणिक उत्तर : पहिली म्हणून नको. पहिल्या गाडीने आपल्या चुका पोटात घालायला हव्यात. टू स्ट्रोक त्या घालत नाही. शिवाय पुढेही ड्रम ब्रेक, आणि ऍक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन फोर स्ट्रोकइतकं मागे ओढत नाही. आणि आता तर चांगल्या आरएक्सला लाखाच्या वर सांगतात. त्यात पंधरा वर्षांवरची गाडी, म्हणजे आरसीचं नूतनीकरण झालंय का, हरित कर भरलाय का, हेही बघणं आलं.

तरीही घेणारच असशील (घेशील, मला माहितेय), तर थंड इंजिन आणि कागद बघच, पण आणखी दोन गोष्टी कर. ऍक्सिलरेटर पिळायला लाव आणि पंपाचा लिव्हर हलतो का बघ. हलला तरी विश्वास ठेवू नकोस, ऑइलची टाकी खाली जातेय हे डोळ्यांनी दिसेपर्यंत पेट्रोलमध्येही ऑइल मिसळ. जास्त झालं तर धूर होईल, प्लग काळा पडेल. कमी झालं तर काय होतं ते वर लिहिलंय.

आणि मालक जाता जाता जे अर्धं वाक्य बोलेल ना, तिथे थांब. "म्हणजे नक्की काय बघू?" असं विचार.

गाडी अजून आहे माझ्याकडे. बहीण तिच्यावर पुन्हा कधी बसली नाही. बाबा मात्र अजूनही फोनवर विचारतात, "ऑइल बघितलंस का?" आता मी हसत नाही. खाली जातो, झाकण उघडतो, आणि मगच सांगतो.