लेकी बोले, सुने लागे



आमच्या सासूबाईंचं निम्मं बोलणं म्हणींत असायचं. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ तर मला माझ्या बी.कॉम.च्या पुस्तकांपेक्षा जास्त उपयोगी पडली. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ मात्र आमच्याकडे उलटी. दर्शनाआधी तोंडात काही नाही. मॅनवेअरिंग नावाच्या पाद्र्याने मराठी म्हणींचं पुस्तक इंग्रजी भाषांतरासह १८९९ साली ऑक्सफर्डहून काढलं. तो आमच्या सासूबाईंना भेटला असता तर पुस्तक आणखी जाड झालं असतं!

एक म्हण मात्र त्या बोलत नसत, करत असत. ‘लेकी बोले, सुने लागे.’ नणंदेला म्हणायच्या, “पाणी असं गाळतात होय? माहेरी शिकवलं नाही का?” नणंदेचं माहेर म्हणजे तेच घर! मी ओट्याशी मान खाली घालून. माल एकीला आणि बिल दुसरीच्या नावे.

मी असं कधी करणार नाही, असं तेव्हा ठरवलं होतं.

गेल्या भाद्रपदात, दशलक्षण पर्वाचा तिसरा दिवस, उत्तम आर्जव. बोलताना आपण आर्जव म्हणजे विनवणी म्हणतो, पण धर्मात त्याचा अर्थ सरळपणा. मनात एक, ओठांवर दुसरं, असं नको. सकाळी मंदिरात हे ऐकून आले. संध्याकाळी पावणेसातला सूर्यास्त झाला, सूनबाई ऐरोलीच्या ऑफिसातून नेरूळला पोचायला सव्वासात. मी फोनवर लेकीशी बोलत होते. दार उघडलं तसा माझा आवाज चढला, “तू तरी वेळेवर जेवतेस ना गं? नोकरीपायी धर्म सुटतो एकेकीचा.”

सून काही बोलली नाही. पर्वात ती रात्री खात नाही. तशीच उपाशी झोपली.

सकाळी लेकीचा फोन. “आई, काल मी नऊ वाजता जेवले. मला तर तू एका शब्दाने रागावली नाहीस.”

क्षमावाणीला अजून आठवडा होता. तेवढं थांबवेना. सून चपला घालत होती, तिथेच म्हटलं, “काल मी तुलाच बोलले गं. चुकलं माझं.”

“कळलं होतं, आई,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी मलाच सांगा. मला उत्तर तरी देता येईल. साडेपाचच्या आधी ऑफिसातून निघताच येत नाही हो, आणि मग गाडीची वाट बघायची.”

हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिला दोन डबे देते. संध्याकाळचा ती निघण्याआधी तिथेच खाते. दशम्या आणि मुगाची उसळ चांगली टिकते. भाजीला पाणी सुटतं.