न छापलेल्या मजकुराचा अभ्यास

चीनच्या राजकारणाच्या अभ्यासकाला छापलेल्या मजकुराइतकेच न छापलेल्या मजकुराकडेही लक्ष द्यावे लागते. जेथे सर्वोच्च नेत्यांची खलबते बंद दाराआड चालतात, तेथे ‘पीपल्स डेली’ हे कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र रोज ओळ न् ओळ वाचणे, कोणाचे नाव कितव्या क्रमांकावर आले याची नोंद ठेवणे, हाच संशोधनाचा पाया ठरतो. हाँगकाँगमध्ये १९५३ पासून ‘चायना न्यूज अ‍ॅनालिसिस’ हे पत्रक चालवणारे हंगेरियन जेझुइट धर्मगुरू लास्लो लादानी यांनी चिनी वृत्तपत्रे आणि रेडिओ यांच्या बळावरच ही विद्या घडवली.

१९६९ च्या पक्षघटनेत माओंचे उत्तराधिकारी म्हणून ज्यांचे नाव घातले गेले, ते लिन बियाओ १३ सप्टेंबर १९७१ रोजी मंगोलियात विमान कोसळून मरण पावले, पण चीनने ते लगेच जाहीर केले नाही. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रदिनाचे संचलन मात्र रद्द झाले. एवढ्यावरून काहीतरी गंभीर घडले आहे असे म्हणता येत होते, काय घडले हे म्हणता येत नव्हते. आणि वृत्तपत्रांना व सरकारांना नेमके हे दुसरेच हवे असल्याने, या दोहोंतील अंतर राखण्यातच अभ्यासकाची खरी कसोटी लागते.

पुढे चीनची दारे उघडली, खेड्यांतील मुलाखती शक्य झाल्या. अलीकडे ती वाट पुन्हा अरुंद झाल्याने जुन्या वाचनाचे मोल वाढले आहे. परराष्ट्रमंत्री छिन गांग २५ जून २०२३ नंतर दिसेनासे झाले, जकार्तातील आसियान बैठकांना त्यांच्या जागी ज्येष्ठ मुत्सद्दी वांग यी गेले, प्रकृतीचे कारण पुढे करण्यात आले आणि महिन्याभरात छिन यांचे पद गेले. आग्नेय आशियाविषयीचे चीनचे धोरण बदलले, असा अर्थ त्यातून काढणे घाईचे ठरले असते, कारण वांग यी यांनी तेच धोरण पुढे चालवले. जुलै २०२४ मध्ये केंद्रीय समितीच्या बैठकीअखेरच्या निवेदनात छिन यांचा समितीच्या सदस्यत्वाचा राजीनामा ‘कॉम्रेड’ या उपाधीसह स्वीकारल्याचे नमूद झाले, तर माजी संरक्षणमंत्री ली शांगफू यांच्या पक्षातून झालेल्या हकालपट्टीवर शिक्कामोर्तब झाले. दोघांची गत एकच नव्हती, एवढे या निवेदनावरून ठामपणे लिहिता येते; छिन नेमके का गेले, हे त्यावरून लिहिता येत नाही.