पायपेटी

गेल्या मे महिन्यात माझा मुलगा पुण्याहून सुट्टीला घरी आला. एका खांद्यावर गिटार होती आणि हातात जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं. धुवायचे कपडे असतील म्हणून त्याच्या अम्मीने गाठ सोडली, तर आतून पाच धातूचे डबे निघाले. प्रत्येक डब्यावर फिरवायची दोन-चार बटणं, पुढे पायाने दाबायची पट्टी आणि सगळ्यांत गुरफटलेल्या वायरी.

"हे काय भंगार आणलंस?" ती म्हणाली.

"अम्मी, ही पेडलं आहेत. गिटारचा आवाज बदलतात."

आमच्या घरातलं बोलणं मोमिनपुऱ्याच्या उर्दूतलं. इथे लिहिताना ते मराठीत आणतो आहे. गांधीबागेत एका कापडाच्या पेढीवर तीस वर्षं हिशेब लिहिण्यात गेली. पेढीवर मराठी, घरात उर्दू, ग्राहकांशी हिंदी. त्यामुळे हे भाषांतर करायला मला वेगळे कष्ट पडत नाहीत.

मुलाने फरशीवर डबे मांडून दाखवले. गिटारची वायर पहिल्या डब्यात, तिथून दुसऱ्यात, असं करत शेवटी स्पीकरला. पहिला डबा सूर जुळवण्याचा. दुसरा आवाजाला खरखरीत, फाटल्यासारखा करणारा. तिसरा एका गिटारच्या जागी दोन-तीन वाजतायत असं भासवणारा. चौथा वाजवलेलं थोड्या वेळाने परत ऐकवणारा. पाचवा असा, की बंद खोलीत वाजवलं तरी मोठ्या घुमटाखाली बसल्यासारखं वाटावं. हा क्रम बदलला तर आवाजही बदलतो. हात गिटारमध्ये गुंतलेले, म्हणून हे सगळं पायाने चालू-बंद करायचं.

त्याची अडचण साधी होती. प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी हे डबे जमिनीवर मांडून जोडायला वीस मिनिटं जायची. वाजवताना डबे सरकायचे. एकदा ऐन गाण्यात एक पिन निघाली आणि तो गप्प उभा राहिला. त्याला सगळं कायमचं बसवून ठेवता येईल असा पाट हवा होता, नाहीतर पेटी.

पेटी हा शब्द त्याने उच्चारला आणि माझं डोकं माळ्याकडे गेलं.

आमचे अब्बा एम्प्रेस मिलमध्ये होते आणि रात्री एका कव्वाली पार्टीत हार्मोनियम वाजवायचे. ताजबागेच्या उर्सात ते पहाटेपर्यंत बसत. मी लहानपणी त्यांच्या मांडीला डोकं टेकून भात्याच्या हवेवर झोपलेलो आहे. १८७७ साली सुरू झालेली मिल २००२ साली बंद पडली आणि २००६ साली अब्बा गेले. त्यानंतर वर्षभरात मी त्यांची हार्मोनियम एकाला देऊन टाकली. विकली नाही, दिली. कारण विचारलं असतं तर मी जागेचं सांगितलं असतं. खरं कारण असं, की घरात वाद्य असणं बरं नव्हे, असं दोन-चार नातेवाइकांनी ऐकवलं होतं आणि मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता. वाद घालता आला असता. चिश्ती खानकाहांतून शतकानुशतकं समा चालत आलेला आहे. आमचे अब्बा पाच वक्त नमाजी होते. वाद्याबद्दल उलेमांमध्येच मतभेद आहेत, हे मलाही ठाऊक होतं. पण मी गप्प राहिलो. हार्मोनियमची लाकडी पेटी मात्र घेणाऱ्याला नको होती. ती माळ्यावर राहिली, रजयांसाठी.

मुलगा झाला तो त्याच्या आधीच. तो गिटार शिकू लागला तेव्हा मी विरोध केला नाही. एकदा गप्प राहून चुकलो होतो, म्हणून या वेळी गप्प राहून भरपाई करत होतो असं म्हणता येईल.

तर पेटी उतरवली. रजया काढल्या, पुसली. मुलगा टेप घेऊन बसला. त्याचं प्रत्येक पेडल ७३ मिलिमीटर रुंद आणि १२९ मिलिमीटर लांब. पाच शेजारी मांडली तर साडेछत्तीस सेंटिमीटर. वायरीच्या पिना बाजूला निघतात, म्हणून मधे अडीच-अडीच सेंटिमीटर सोडायचे, दोन्ही टोकांना थोडी जागा. एकूण पन्नास सेंटिमीटर. पेटी आतून त्रेसष्ट. मी मनात खूश झालो. हिशेबवाल्याला असा मेळ बसला की बरं वाटतं.

"यातच बसव," मी म्हणालो. "तळाला फळी ठोकू. झाकण उघडलं की तयार."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अब्बा, यावर पाय ठेवायचा आहे. दादाजानच्या पेटीवर मी पाय ठेवू?"

मला हे सुचलंच नव्हतं. आमच्याकडे वाद्याला चुकून पाय लागला तर हात लावून डोळ्यांना लावतात. अब्बा तर पेटीच्या दिशेने पाय पसरून बसू देत नसत. मी मात्र ती पेटी रजयांखाली दाबून ठेवली होती आणि तिच्यातलं वाद्य घालवलं होतं. तिचा मान राखायचं मला सुचलं नाही. ज्याने दादाजानला नीट पाहिलेलंही नाही त्याला सुचलं.

त्या रात्री झोप लागली नाही. पडल्या पडल्या दोन गोष्टी आठवल्या. एक म्हणजे हार्मोनियम मुळात पायाचंच वाद्य. पॅरिसच्या दबँने १८४२ साली तिचं पेटंट घेतलं तेव्हा भाता पायाने हलवायचा होता. आपल्याकडे मांडी घालून बसणाऱ्यांनी तो हाताशी आणला. मराठी संगीत नाटकांतली पायपेटी तर नावातच पाय घेऊन आली. दुसरी गोष्ट आमच्याच घरातली. अब्बांचे अब्बा मोमिनपुऱ्यात खड्डामागावर बसत. विणकराचे दोन्ही पाय खड्ड्यात. पावडी दाबली की ताण्याचे धागे उघडायचे, दुसरी दाबली की उलट बाजूने उघडायचे, मधून धोटा पळायचा. आमच्या घरातली पहिली भाकरी पायानेच कमावलेली आहे.

सकाळी मी मुलाला हे सांगितलं. पायाने केलेलं काम हलकं नसतं, तुझ्या दादाजानला चाललं असतं, असंही म्हणालो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पटतं मला. पण तुम्हाला ती पेटी माझ्या हातात का द्यायची आहे?"

तेव्हा मी त्याला हार्मोनियमचं सांगितलं. आजवर त्याला वाटत होतं की ती विकावी लागली, मिल बंद पडल्याच्या दिवसांत. मीच तसं वाटू दिलं होतं. तो रागावला नाही. त्याने एवढंच विचारलं, "कुणाला दिली?" मी नाव सांगितलं. ते घर आता तिथे नाही.

पेटीचं मग व्यवहारानेच ठरवलं. पेढीच्या काट्यावर ती रिकामी साडेसहा किलो भरली. पेडलं, वायरी, अडॅप्टर धरून दहाच्या आसपास गेली असती. त्याला पुण्याच्या गर्दीत गिटार सांभाळून हे उचलायचं, महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या बर्थखाली सरकवायचं. ऑर्केस्ट्रावाले वापरतात तशी कडेने ॲल्युमिनियम ठोकलेली प्लायची पेटी ट्रकमध्ये चढवायला उत्तम; एकट्या मुलाच्या हाताला ती नको. तयार ॲल्युमिनियमचे बोर्ड मिळतात, हलके आणि नीट, पण किंमत ऐकून तोच मागे सरला.

शेवटी ओळखीच्या सुताराने बारा मिलिमीटरच्या प्लायचा पाट केला. वीस इंच लांब, बारा इंच रुंद, पुढून एक इंच, मागून तीन इंच उंच. मधे लांब फट, म्हणजे वायरी खाली जातात आणि अडॅप्टर पोटात बसतो. पाच पेडलं पुढच्या एका रांगेत मावत होती. मी म्हटलं, मागची रांग मोकळी ठेव. वहीत समास सोडतात तसा. सहावं पेडल येणारच.

बाकीची खरेदी गांधीबागेत झाली. तीस वर्षं त्या गल्ल्यांत थानं मोजली, पण मुलासाठी काही घ्यायला फिरलो ते बहुधा पहिल्यांदाच. काळं रेक्झिन घेतलं, कडक कॅनव्हास घेतलं, फोम घेतला. वेल्क्रोच्या दुकानदाराला मुलाने नीट सांगितलं: मऊ बाजू पाटाला, काट्यांची बाजू पेडलाला. ही वस्तू एका स्विस माणसाला कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या गोखरांवरून सुचली, हेही त्याने सांगितलं. दुकानदार खूश होऊन म्हणाला, "आमच्या शेतात तर ही पोत्यांनी आहेत." वेल्क्रोमागचा गोंद नागपूरच्या मेमध्ये पाझरतो, म्हणून सुताराने पट्टीला वरून स्टेपलर मारला. कॅनव्हासची पिशवी आमच्या गल्लीतल्या शिवणाऱ्याने शिवली. सगळं मिळून पाच किलोंच्या आत.

जायच्या आदल्या रात्री त्याने घरात वाजवलं, आवाज लहान ठेवून. अम्मी दारात उभी होती. एकाच अडॅप्टरवर पाचही पेडलं असल्यामुळे मागे बारीक घूं ऐकू येत होतं. प्रत्येकाला वेगळी वीज देणारा अडॅप्टर पुढच्या पगारात, असं मी कबूल केलं. त्याने पाचवं पेडल दाबलं आणि आमची दहा बाय बाराची खोली एकाएकी मोठी झाली.

त्याने चपला काढून, अनवाणी पायाने पेडल दाबलं होतं. मी काही बोललो नाही. या वेळचं गप्प राहणं वेगळं होतं.

अब्बांची पेटी आता माळ्यावर नाही. रजया दुसरीकडे गेल्या. ती खोलीत भिंतीला लावून ठेवली आहे, रिकामी. शेजारच्या एका बुजुर्गांनी विचारलं, "यात काय आहे?"

"आमच्या अब्बांची हार्मोनियम होती," मी म्हणालो. "मी देऊन टाकली."