आपली घागर भरल्यावर

माझे बालपण अकोल्यात गेले. वऱ्हाडचा उन्हाळा म्हणजे काय, हे अकोल्याचा वैशाख ज्याने अनुभवला आहे त्याला सांगावे लागत नाही. आमच्या गल्लीच्या टोकाशी एकच सार्वजनिक नळ होता आणि त्याच्यापुढे पहाटेपासून घागरी, कळश्या व डबे यांची रांग लागे. नळावर पाटी नव्हती, पहारेकरीही नव्हता. पण आपली घागर भरली की ती ताबडतोब उचलावी, हा नियम सर्वांना ठाऊक होता. 'नळ साऱ्यांचा आहे, म्हणूनच तो अडवायचा नाही,' असे आई म्हणे. तिच्या या बोलण्याचा अर्थ मला पुरता कळला तो नळावर नव्हे, तर अमरावतीच्या एका वाचनालयात; आणि तोही माझ्याच चुकीमुळे.

ते २०१२ साल होते. शिक्षणासाठी मी अमरावतीस राहत होतो. त्या वाचनालयातील एका लहानशा खोलीत वाचकांसाठी तीन संगणक मांडले होते. दारातच नियमांची पाटी होती. नोंदवहीत नाव व वेळ लिहावी, ओळखपत्र दाखवावे, रांग असल्यास अर्ध्या तासाने उठावे, जाण्यापूर्वी आपले खाते बंद करावे, विचारल्यावाचून संगणकात काही उतरवून घेऊ नये, दुसऱ्याच्या पडद्यात डोकावू नये. आदल्याच वर्षी केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम केले होते. ग्राहकाची ओळख पटवावी आणि नोंदवही निदान एक वर्ष जपून ठेवावी, असे त्यांत सांगितले होते. आमच्या ग्रंथपालांनीही तशीच शिस्त लावली होती. मला मात्र तिचा राग येई. आम्ही वाचक की चोर, असे मी मनाशी म्हणे.

जून महिन्यातील एक दुपार होती. बाहेर मृगाचे ढग दाटून आले होते. माझे काम केव्हाच संपले होते, तरी क्रिकेटच्या सामन्याचा धावफलक पाहत मी बसून राहिलो होतो. मागच्या बाकावर पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा कागदांची पिशवी छातीशी धरून बसला होता. दर्यापूरकडील एका खेड्यातून तो एस. टी. ने आला होता. तंत्रनिकेतनाच्या प्रवेशाचा अर्ज संगणकावरूनच भरायचा होता आणि मुदत त्याच सायंकाळी पाचला संपत होती. यातले काहीच मला ठाऊक नव्हते. कारण मी विचारलेच नव्हते. त्याने दोनदा घड्याळाकडे पाहिले, ते मात्र मला दिसले होते.

अर्ध्या तासावर आणखी वीस मिनिटे गेल्यावर मी उठलो. दारापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच हाक आली, "भाऊ, तुमचं खातं उघडंच रायलं न! तुमची पत्रं दिसून रायली. बंद करून देऊ का?"

मी परत फिरलो. माझी सारी पत्रे पडद्यावर उघडी होती. घरची पत्रे, बँकेचे कागद, सारे काही! त्या मुलाने मान दुसरीकडे वळवली होती. मी खाते बंद केले आणि ओशाळून बाजूला झालो. तो घाईघाईने अर्ज भरू लागला. त्याचे नाव झाले, गाव झाले, दहावीचे गुण झाले. इतक्यात वीज कडाडली आणि साऱ्या खोलीत अंधार पसरला. तिन्ही पडदे काळे पडले.

पाच वाजून गेले तरी वीज आली नाही. गावाकडची शेवटची गाडी चुकू नये म्हणून तो मुलगा पावसातच निघाला. जाताना त्याने मला दोष दिला नाही. माझ्या वीस मिनिटांची किंमत कदाचित त्याने मोजलीही नसेल. त्याचे पुढे काय झाले, हे मला आजवर कळलेले नाही.

ग्रंथपाल रागावले नाहीत. मेणबत्तीच्या उजेडात नोंदवही मिटवीत ते एवढेच म्हणाले, "रंगनाथनांचे नाव ऐकले आहेस? गणित शिकवणारा हा माणूस मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रे सांगितली. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांतील चौथे. आम्ही ते आमच्यासाठी आहे असे समजतो. पण तुझ्या मागे बसलेलाही वाचकच होता ना?"

मला उत्तर सुचले नाही. ज्या नियमांना मी अविश्वास म्हणत होतो, त्यांतला एकेक नियम त्या मुलाने न सांगता पाळला होता. तो आपल्या पाळीची वाट पाहत राहिला, दुसऱ्याचे खाजगी पत्र त्याने वाचले नाही आणि उघडे राहिलेले दार परक्याने पाहण्याआधी लावून घेण्यास मला सावध केले. नियम मोडला तो त्याच्यापेक्षा अधिक शिकलेल्या माणसाने!

आजही मी वाचनालयात जातो. संगणकावर बसण्यापूर्वी मागे कोण आहे ते पाहतो आणि त्याचे काम किती तातडीचे आहे ते विचारतो. उठताना खाते बंद झाले की नाही, हे दोनदा तपासतो. माझी घागर भरलेली असते. नळाखालून ती वेळेवर उचलायची, एवढेच माझ्या हाती उरले आहे.